शाम शुई पोचं वून चाय ची: शार्क न मारता केलेलं शार्क फिन सूप

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क का कापला ते पुढे येईलच.

हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या किंवा इथे फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, कारण मराठीत इथल्या खाण्याबद्दल शोधलं की डिमसम, एग टार्ट आणि व्हेज कुठे मिळेल एवढंच सापडतं, आणि शार्क फिन सूपचा विषय निघाला की एकतर "ईईई" नाहीतर "एकदा ट्राय करायला काय हरकत आहे" असं दोनच प्रकारचं ऐकू येतं. तर माझं म्हणणं असं की ट्राय करायचंच असेल ना, तर हे करा. वून चाय ची. छोट्या वाटीत मिळणारं दाट, तपकिरी, गरमागरम सूप, वर पारदर्शक धागे तरंगताना दिसतात, बघणाऱ्याला वाटेल की हेच ते महागडं लग्नातलं सूप, पण आत शार्कचा एक धागासुद्धा नाही, सगळं मुगाच्या स्टार्चच्या शेवयांचं काम.

दुकान शाम शुई पो एमटीआर स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर, आप्लियू स्ट्रीटचा तो केबल-चार्जर-जुने रेडिओवाला बाजार ओलांडून मागच्या गल्लीत. बोर्डावर फक्त चिनी अक्षरं आहेत त्यामुळे नाव देऊन उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर एकाच दुकानाला धरून बसायची गरजही नाही, शाम शुई पो आणि माँग कॉकमध्ये अशी बरीच दुकानं आहेत. मी जिथे नेहमी जाते तिथे एक वयस्कर मावशी आणि त्यांचा मुलगा असतात, बसायला फक्त चार स्टुलं, बाकी सगळे उभ्यानेच खातात. दारातच ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं बारीक आचेवर असतं. मावशी दर थोड्या वेळाने पळी तळापर्यंत घालून वर आणतात, कारण स्टार्च खाली बसतं आणि लागतं. वाटी भरली की त्यावर डब्यातून पांढरी मिरपूड, मग लाल व्हिनेगरची बाटली, जिच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलीत, मग तिळाच्या तेलाचे दोन थेंब. चिली ऑइल हवं तर आपलं आपण घ्यायचं. मी गेले तेव्हा एक वाटी 25 डॉलरला होती, म्हणजे आपले पावणेतीनशे रुपये धरा, हाँगकाँगच्या मानाने हे अगदीच स्वस्त.

चव. पहिल्या चमच्याला मिरपूड आणि व्हिनेगर एकदम नाकात जातं, मग सोया सॉसचा खारट-गोडसर दाटपणा, मग शिताके मशरूमचा तो धुरकट मातकट वास, मध्येच अंड्याचे रेशमी पापुद्रे, काळ्या कान-मशरूमच्या पट्ट्या दाताखाली कर्रकन वाजतात आणि शेवया तोंडात सुळकन सरकून जातात. दाटपणा पातळ पिठल्याइतका, चमच्यावरून ओघळेल पण पाण्यासारखा पळणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत इथे जी ओली थंडी पडते ना, त्यात संध्याकाळी ऑफिसहून येताना ही वाटी हातात धरणं म्हणजे सुख आहे, व्हिनेगर मात्र अजिबात टाळू नका, त्याच्याशिवाय सूप जड लागतं.

आता मुद्द्याचं. खऱ्या शार्क फिन सूपची चव कुठून येते माहितीये का? कोंबडीपासून. म्हातारी कोंबडी, चीनमधल्या जिन्हुआचं सुकवलेलं हॅम, सुके स्कॅलप (शिंपल्यातला मांसल भाग), हे तासन्तास उकळून जो स्टॉक बनतो ती सगळी चव. पंखाला स्वतःची चव नाहीच. पंखात असतात ते कोलॅजनच्या जातीचे बारीक तंतू, पंख वाळवायचा, मग भिजवायचा, वरची खरखरीत कातडी खरवडून काढायची, मांस-कूर्चा वेगळं करायचं, आणि जे जिलेटिनसारखे धागे उरतात ते सूपमध्ये सोडायचे. बस. त्यांचं काम फक्त दाताला लागणं. माझ्या ऑफिसमधला एक सहकारी इथेच जन्मलेला, लहानपणी दोन्ही खाल्लेलं, तो सरळ म्हणतो की चांगल्या स्टॉकमध्ये शेवया घातल्या आणि डोळे मिटून दिलं तर आमच्या घरात कोणालाही ओळखता येणार नाही. आणि हे नकली सूप आलंय तेही खऱ्यातूनच, इथे सगळे सांगतात ती गोष्ट अशी की 1940-50 च्या आसपास टेंपल स्ट्रीटवरचे फेरीवाले मोठ्या हॉटेलांत उरलेला पंखाचा चुरा आणायचे, त्यात अंडं, मशरूम, स्टार्च घालून गरिबाला परवडेल असं सूप वाटीने विकायचे, पुढे तो चुराही गेला आणि शेवया आल्या. म्हणजे शार्क काढून टाकला तरी डिश मेली नाही, उलट ती सत्तर-ऐंशी वर्षं टिकली आणि गल्लोगल्ली पोचली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मग खरं कोण खातं आणि का? लग्न. कँटोनीज लग्नाचं बँक्वेट म्हणजे आठ-दहा पदार्थ एकामागून एक, त्यात सूप हे मानाचं पान. एका लग्नात आमच्या टेबलावर ते आलं, मी नको म्हटलं, वाढणाऱ्याने काहीही न बोलता वाटी उचलून नेली, पण शेजारच्या काकू मला समजावत होत्या की मुलीच्या घरच्यांनी फिन नाही ठेवलं तर लोक म्हणतात कंजूष आहेत. आपल्याकडे लग्नाच्या जेवणावरून जे बोललं जातं ते आठवलं आणि त्यांच्यावर राग नाही आला. पण हळूहळू बदलतंय. बास्केटबॉलवाला याओ मिंग 2006 पासून याच्याविरुद्ध जाहीरपणे बोलतोय, पेनिन्सुला आणि शांग्रिलासारख्या हॉटेलांनी 2012 मध्ये मेन्यूतून काढून टाकलं, 2013 मध्ये हाँगकाँग सरकारने आपल्या सरकारी मेजवान्यांतून काढलं, इथल्या कॅथे पॅसिफिक विमान कंपनीने 2016 मध्ये पंखांची वाहतूक बंद केली. एकेकाळी वर्षाला 10,000 टनांच्या आसपास पंख या एका शहरात यायचे, नंतर ते जवळपास निम्म्यावर आलं. निम्मं म्हणजे तरी किती, विचार करा.

ज्यांना हे प्रकरण डोळ्यांनी बघायचंय त्यांनी शंग वानला जावं. डे वू रोड वेस्ट आणि आजूबाजूच्या गल्ल्या, सगळा सुक्या मासळीचा बाजार. वास आपल्याला ओळखीचाच, सुके बोंबील आणि सोडे ज्या घरात येतात त्या घरातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. पण काचेच्या बरण्यांमध्ये पंख. लहान पंख, तळहाताएवढे, पिवळसर, ढिगाने. आणि वर काचेच्या कपाटात एकेक मोठा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा, लाल रिबीन बांधलेला. भाव कॅटीवर, म्हणजे साधारण 600 ग्रॅमला. मला जास्त त्रास त्या लहान ढिगाचा झाला, कारण तेवढ्या पंखांतले बरेचसे लहान जातींचे नाहीतर मग पिल्लांचेच असणार. 2013 च्या सुरुवातीला याच भागात पुढे केनेडी टाउनमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर हजारो पंख वाळत घातलेले फोटो बाहेर आले होते, रस्त्यावर वाळवले तर लोक बोंब मारतात म्हणून गच्चीवर नेलेले.

एक आपल्या जवळची गोष्ट, त्याच दुकानांत माशांचे फुगे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशव्या पण असतात, फिश मॉ म्हणतात, आणि आपल्या घोळ माशाचं बोत इकडेच कुठेतरी येतं. पालघरच्या मुरबेच्या एका मच्छीमाराला 2021 मध्ये घोळीच्या एकाच जाळ्यात सव्वा कोटीच्या वर मिळाल्याची बातमी आठवत असेल, तो भाव माशाच्या मांसाचा नव्हता, या फुग्याचा होता. काही वून चाय ची वाल्यांकडे फिश मॉ घातलेला प्रकार मिळतो, तो मी घेत नाही, कुठल्या माशाचा फुगा आहे ते कोणीच सांगू शकत नाही.

आता पंख कसे येतात ते, कारण रिव्ह्यू लिहितेय म्हणून हे टाळणं मला बरोबर वाटत नाही. खोल समुद्रात ट्यूनासाठी लाँगलाइन टाकतात, किलोमीटरच्या किलोमीटर दोर आणि हजारो गळ, त्याला शार्क पण लागतात. ट्यूनाला भाव, शार्कच्या मांसाला नाही, शिवाय शार्कच्या अंगात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि वास मारतो (आपली मुशी म्हणजे छोटा शार्कच, ती साफ करणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे, म्हणून तर ती ताजीच घ्यायची आणि धुऊन धुऊन घ्यायची), मग बर्फाच्या कोठारातली जागा त्याला कोण देणार. पण पंख हलके, वाळवता येतात, जागा खात नाहीत आणि किलोला मांसाच्या कितीतरी पट. म्हणून पंख कापतात, पाठीवरचा, छातीचे दोन, शेपटीचा खालचा भाग, आणि धड परत समुद्रात. बऱ्याचदा जिवंत. पंखाशिवाय शार्कला पोहता येत नाही, आणि बऱ्याच जातींना पोहत राहिल्याशिवाय कल्ल्यांतून पाणी वाहत नाही म्हणजे श्वासच घेता येत नाही. तो तळाला जातो आणि गुदमरून नाहीतर रक्त जाऊन मरतो, किंवा दुसरं कोणी खातं. हे लिहिताना पण माझे हात थांबतात.

आणि शार्क हा काही बांगडा-तारली नाही की दरवर्षी लाखोंनी अंडी घातली आणि भरून निघालं. डस्की शार्कची मादी वयात यायलाच वीसेक वर्षं घेते, पिल्लं मोजकी, काही जातींत गर्भ दोन वर्षांच्या आसपास पोटात. म्हणजे माणसाच्या वेगाने वाढणारा प्राणी आपण मासळीच्या वेगाने काढतोय. 2021 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातले शार्क आणि रे (पाकट) 1970 पासून 71 टक्क्यांनी कमी झालेत. ओशनिक व्हाइटटिप, ज्याचे पंख मोठे गोलसर आणि टोकाला पांढरे, एकेकाळी उष्ण समुद्रात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या मोठ्या प्राण्यांपैकी एक होता, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, स्कॅलप्ड हॅमरहेडपण तिथेच. आणि हाँगकाँगच्या बाजारातल्या पंखांच्या डीएनए तपासण्यांमध्ये हॅमरहेड पुन्हा पुन्हा सापडलाय.

"गेले शार्क तर आपलं काय बिघडलं, उलट पोहायला बरं" असं म्हणणारे भेटतात म्हणून हेही. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे, तिथे पाण्याखाली समुद्रगवताची प्रचंड कुरणं आहेत आणि टायगर शार्क आहेत. संशोधक तिथे कित्येक वर्षं बसून बघत होते. टायगर शार्क फिरत असले की ड्युगाँग (समुद्री गाय) आणि समुद्री कासवं सगळ्यात चांगल्या कुरणात निवांत चरत बसत नाहीत, कडेकडेने, सावधपणे खातात, जागा बदलत राहतात, म्हणून गवत मुळापासून उपटलं जात नाही, वाचतं. शार्कने किती खाल्लं यापेक्षा तो आहे या भीतीनेच अर्धं काम होतं. आणि ते गवत वाचलं म्हणून त्यातली माशांची पिल्लं वाचतात, तळाची वाळू धरून राहते, कार्बन मातीत राहतो. वरचा एक प्राणी काढला की खालचं सगळं कुठल्या बाजूला कलंडेल ते आधी सांगता येत नाही, आणि कलंडल्यावर परत बसवता येत नाही.

कायदे आहेत. सायटीस करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, 2013 मध्ये हॅमरहेड, ओशनिक व्हाइटटिप वगैरे आले, 2022 मध्ये पनामाच्या बैठकीत रेक्विम शार्कचं अख्खं कुळ आलं, म्हणजे परवान्याशिवाय व्यापार नाही. तरी 2020 मध्ये इथल्या कस्टम्सने इक्वाडोरहून आलेले दोन कंटेनर उघडले तेव्हा 26 टन पंख निघाले, अंदाजे 38,500 शार्कचे, बहुतेक थ्रेशर आणि सिल्की, दोन्ही यादीतले.

आणि आपण यात नाही असं समजू नका. भारत शार्क पकडणाऱ्या पहिल्या काही देशांत आहे. 2013 मध्ये आपल्या सरकारने नियम केला की शार्क किनाऱ्यावर आणायचा तर पंख अंगाला जोडलेलेच हवेत, 2015 मध्ये पंखांची निर्यात पूर्ण बंद केली. त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर 2018 मध्ये, डीआरआयने (महसूल गुप्तचर विभागाने) मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला मिळून 8,000 किलो पंख पकडले. शिवडी! चालले होते चीन-हाँगकाँगकडे, कागदावर भलताच सुका माल दाखवून. शंग वानच्या त्या बरण्यांसमोर उभी असताना माझ्या डोक्यात तेच होतं, यातला कुठला ससून डॉकवरून किंवा वेरावळहून आलाय का, आणि बघून कळायचा काही मार्गच नाही.

दुसरी एक गोष्ट जी मला स्वतःला पचायला जड गेली. फिनिंगवर, म्हणजे पंख कापून धड फेकण्यावर, बंदी आणून शार्क वाचले का? 2024 मध्ये सायन्स नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की 2012 मध्ये मासेमारीत मरणारे शार्क किमान 7.6 कोटी होते आणि 2019 मध्ये 8 कोटी, मधल्या काळात फिनिंगविरोधी कायदे जगभर वाढलेले असूनही. कारण आता धड फेकत नाहीत, अख्खा शार्क आणतात, मांसाचा बाजार वाढलाय, जोडीला पंख आहेतच. आपली मुशी, मोरीचं मटण, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात ती छोटी मोरी, हे सगळं त्यात येतं. मी मासे खाणाऱ्या घरातली आहे, कोळणीच्या टोपलीवर बोट ठेवायचा मला हक्क नाही असं मला वाटतं, तिची दोन छोट्या मुश्यांची विक्री आणि कंटेनरभर पंख हे एकाच पारड्यात घालायचे नाहीत. पण मी स्वतः मुशी घ्यायची बंद केलीय. तसंही शार्क शिकाऱ्यांच्या साखळीत सगळ्यात वरचा, त्यामुळे पारा त्याच्या अंगात साठत जातो, बाळंतिणीच्या ताटात तो नकोच.

परत सूपकडे. अर्धा मार्क कापला त्याची कारणं. एक, संध्याकाळी सातनंतर पातेलं तळाला आलेलं असतं आणि सूप इतकं दाट होतं की शेवया आणि स्टार्चचा एकच गोळा, दुपारी तीन-चारला जा, तेव्हा एकदम बरोबर असतं. दोन, व्हेज अजिबात नाही, स्टॉक डुकराच्या हाडांचा, वर चिकनचे किंवा पोर्कचे धागे, आणि मावशींना इंग्लिश येत नाही, त्यामुळे न खाणाऱ्यांनी कँटोनीज येणाऱ्या कोणाला तरी बरोबर घेऊन विचारल्याशिवाय वाटी उचलू नका. काही बौद्ध शाकाहारी हॉटेलांत पूर्ण व्हेज पंखसूप मिळतं, ते पण छान असतं पण त्याला रस्त्यावरच्या वाटीचा तिखटपणा नाही.

घरी पण होतं, मुंबई-पुण्यात सगळं सामान मिळतं. मुगाच्या पारदर्शक शेवया (मोठ्या दुकानात ग्लास नूडल्स म्हणून मिळतात, तांदळाच्या नकोत, त्या विरघळतात), कोमट पाण्यात भिजवून कात्रीने बोटभर कापायच्या. सुके शिताके रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं नाही, व्हेजवाल्यांचा तोच स्टॉक. मशरूमच्या बारीक पट्ट्या, आलं, डार्क सोया रंगाला आणि लाइट सोया मिठाला, उकळी आली की शेवया, मग कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून थोडं थोडं ओतत ढवळायचं, सगळं एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात. शेवटी आच मंद करून फेटलेलं अंडं वरून बारीक धारेने, आणि दहा सेकंद हात लावायचा नाही, मग एकदाच ढवळा म्हणजे पापुद्रे सुटतात. लाल व्हिनेगर नाही मिळालं तर साध्या तांदळाच्या व्हिनेगरवर भागतं. पांढरी मिरपूड मात्र हवीच, काळीने तो वास येत नाही.

आणि इथे कोणाच्या लग्नाचं बोलावणं आलं तर आरएसव्हीपी करतानाच सांगून ठेवा की माझ्यासाठी फिन नको. हॉटेलवाले टेबलाची मोजणी आधी करतात, वाटी समोर आल्यावर नाही म्हटलं तर ते पंख आधीच विकत घेतलेले असतात. बऱ्याच हॉटेलांत आता याच किमतीत दुसरं सूप देतात, विचारलं की लगेच सांगतात.